विश्लेषण : टाकळीच्या दगडात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा तळ, तो वाचणारे स्टीफन हिस्लॉप कोण होते?

घरातल्या फिश टँकच्या तळाला हिरव्या वनस्पतींचा गालिचा लावायचा प्रयत्न केलेल्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. माती पसरली, झाडं लावली, पाणी भरलं, दिवा लावला. दोन-तीन आठवड्यांत काही न बोलावलेले पाहुणे हजर होतात. काचेवर सरकणाऱ्या इवल्याशा गोगलगायी. खसखशीच्या दाण्याएवढे, दोन शिंपल्यांत बंद असलेले आणि पाण्यात गिरक्या घेणारे जीव. आणि पानापानांत अडकलेलं शेवाळ. अनेक जण वैतागून टँक रिकामा करतात.

हेच पाहुणे, म्हणजे गोगलगायी, शिंपल्यातले बारीक जीव आणि तळाशी वाढणारं शेवाळ, नागपूरच्या टाकळी भागातल्या दगडात सापडले आहेत. त्यांचं वय आहे सुमारे साडेसहा कोटी वर्षं. हे अवशेष टिपणाऱ्या माणसाचं नाव नागपूरकर रोज घेतात, पण ते एका महाविद्यालयाचं नाव म्हणून. स्टीफन हिस्लॉप यांनी या शहरात १८ वर्षं काढली, इथल्या तळ्यांचा आणि दगडांचा अभ्यास केला आणि शेवटी नागपूरजवळच एका ओढ्याच्या पुरात त्यांचा जीव गेला. त्यांचं आयुष्य आणि त्यांनी शोधलेला तो तळ नेमका काय आहे, ते समजून घेऊ.

कोण होते हिस्लॉप?

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी झाला. वडील गवंडीकाम करायचे. एडिंबरा आणि ग्लासगो इथे शिक्षण झालं. निसर्गाची, विशेषतः किडे आणि दगड गोळा करण्याची आवड होती, पण पेशा ठरला तो धर्मोपदेशकाचा. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळं झालं. हिस्लॉप या नव्या चर्चबरोबर गेले. नागपुरात मिशन सुरू करण्यासाठी इथल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने देणगी दिली होती. त्या कामासाठी हिस्लॉप यांची निवड झाली.

१८४४ मध्ये त्यांचं इरॅस्मा हल यांच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं भारताकडे निघाले. वर्षअखेरीस मुंबई आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूर. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी भोसले होते, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट आणि कामठीला छावणी होती. रेल्वे आली नव्हती. मुंबईहून नागपूर गाठायला कित्येक आठवडे लागायचे.

हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ मध्ये शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या मदतीला आले. हंटर यांनाही निसर्गविज्ञानाची गोडी होती. प्रकृती साथ देईना म्हणून ते १८५५ मध्ये परतले आणि पुढे इंग्लंडमध्ये एका मोठ्या विश्वकोशात्मक शब्दकोशाचे संपादक म्हणून ओळखले गेले. मात्र नागपुरातल्या आठ वर्षांत या दोघांनी जे काम केलं, ते आजही भूविज्ञानाच्या अभ्यासात येतं.

धर्मप्रसाराच्या मूळ कामात हिस्लॉप यांना फार मोठं यश आलं नाही. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या कमी राहिली आणि शहरात त्या कामाला विरोधही झाला. शाळा मात्र टिकली. १८८३ मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, त्यांच्या नावाने महाविद्यालय सुरू झालं.

त्याच काळात लंडनमध्ये काय चाललं होतं?

हिस्लॉप नागपुरात शाळा चालवत होते, त्याच सुमारास लंडनमध्ये आजच्या प्लांटेड टँकचा पाया घातला जात होता. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८४९ मध्ये काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही लांब पानांची पाणवनस्पती लावली. पाणी न बदलता मासे जगवता येतात का, हे त्याला पाहायचं होतं.

वनस्पती प्राणवायू देत होती, मासे जगत होते. पण काही दिवसांत जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. मग वॉरिंग्टनने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि काचेवरचं शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं आणि तोल सावरला. हे निष्कर्ष १८५० मध्ये छापून आले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पुढची काही वर्षं इंग्लंडमध्ये घरोघरी अ‍ॅक्वेरियम ठेवायचं वेड पसरलं.

वॉरिंग्टनच्या प्रयोगातून एक गोष्ट ठरली. थांबलेल्या गोड्या पाण्याचा कारभार माशांवर चालत नाही. तो चालतो वनस्पती, शेवाळ आणि तळाशी सरपटणाऱ्या बारीकसारीक जीवांवर. मासे मेले तर हाडं विखुरतात, पण तळाचा चिखल त्या सगळ्याची नोंद ठेवतो. नागपूरच्या टेकड्यांत हिस्लॉप आणि हंटर यांच्या हाती लागली ती अशीच नोंद होती.

टाकळीत काय सापडलं?

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. टाकळी तेव्हा नागपूरच्या पश्चिमेला शहराबाहेरचं गाव होतं. आज ते शहरातच मिसळून गेलं आहे. तिथल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, दोन थरांमध्ये हिस्लॉप आणि हंटर यांना मातकट, चिवट दगडाचा एक पातळ पट्टा दिसला. त्यात शंख होते. समुद्रातले नव्हे, गोड्या पाण्यातले.

हा पट्टा फोडून तपासताना एकेक गोष्ट बाहेर येत गेली. फायसा जातीचे डावीकडे वळणारे शंख, लिम्निया आणि पालुडिना या गोगलगायी. ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन शिंपल्यांत राहणारे बारीक जीव. भुंग्यांच्या पाठीवरची टणक पंखं. माशांचे खवले. फळं आणि बिया तर कितीतरी प्रकारच्या. आणि कारा या पाण्यातल्या शेवाळाची सुईच्या डोक्याएवढी फळं. सीताबर्डीच्या टेकडीतही बेसॉल्टमध्ये दबलेला असाच गोड्या पाण्याचा थर त्यांनी नोंदवला.

असं काही पहिल्यांदाच सापडत होतं असं नाही. जॉन ग्रँट माल्कमसन या लष्करी डॉक्टरला दक्षिणेकडच्या निर्मळच्या डोंगररांगांत १८३० च्या दशकातच बेसॉल्टमधले गोड्या पाण्यातले शंख आणि काराची फळं मिळाली होती. काराच्या त्या जातीला माल्कमसनचंच नाव दिलं गेलं. हिस्लॉप आणि हंटर यांचं वेगळेपण असं की, त्यांनी एका जागेचा पिच्छा पुरवला. थराच्या वर काय, खाली काय, कुठे किती जाडी, कोणत्या ठिकाणी कोणते जीव, याची नीट मांडणी केली. नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा दोघांचा सविस्तर निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी बेसॉल्टमधल्या थरांवर आणि त्यातल्या शंखांवर दुसरा निबंध लिहिला. त्याच वर्षी नागपूरचे भुंगे अँड्र्यू मरे यांनी आणि ऑस्ट्राकॉड रूपर्ट जोन्स यांनी अभ्यासून प्रसिद्ध केले.

बेसॉल्टमध्ये तळं आलं कुठून?

महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो लाव्हाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. आज हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि त्याला दख्खनचे सोपान किंवा डेक्कन ट्रॅप म्हणतात. नागपूर या पसाऱ्याच्या पूर्वेच्या कडेवर आहे. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट लागतो, पूर्वेकडे जुने खडक उघडे पडतात.

लाव्हाचे लोट एकामागून एक सलग आले नाहीत. दोन लोटांमध्ये मोठा काळ जाई. थिजलेल्या लाव्हामुळे ओढे अडत, खोलगट जागी पाणी साठे, तळी तयार होत. कडेला झाडं येत, पाण्यात वनस्पती वाढत, गोगलगायी आणि मासे नांदत. तळाशी गाळ बसत राही. मग पुढचा लोट येई आणि सगळं झाकून टाकी. लाव्हातून पाझरलेली सिलिका गाळात मुरली की तो गारगोटीसारखा टणक होई. अशा थरांना आंतरट्रॅप थर म्हणतात. त्यांची जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटरच्या आतच असते.

इथे हिस्लॉप यांचे दोन अंदाज चुकले. मध्य भारतात एकच अफाट मोठं तळं असावं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या वेळची अनेक लहान, उथळ तळी होती, असं पुढच्या अभ्यासातून दिसलं. दुसरं म्हणजे, गाळाखालचा बेसॉल्ट नंतर खालून घुसलेला असावा, असं त्यांनी मांडलं. तो आधीच वाहून थिजलेला होता आणि तळं त्याच्या पाठीवर बसलं होतं, हे नंतरच्या भूवैज्ञानिकांनी स्पष्ट केलं. नोंदी मात्र इतक्या नेमक्या होत्या की, त्या चुका दुरुस्त करायलाही त्याच उपयोगी पडल्या.

पुढे १९८० च्या दशकात टाकळीच्या थरांतून डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. म्हणजे या तळ्याकाठी डायनोसॉर होते. हिस्लॉप यांना टाकळीत त्याचा पत्ता लागला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथून मात्र त्यांनी मोठ्या प्राण्यांची हाडं गोळा केली होती, आणि ती जागा आज डायनोसॉरच्या अवशेषांसाठी ओळखली जाते.

तळाशी गालिचा कशाचा होता?

याचं उत्तर काराच्या त्या बारीक फळांत आहे. कारा हे दिसायला झाडासारखं, पण खरं तर शेवाळ आहे. त्याला खरी मुळं नसतात. केसांसारख्या तंतूंनी ते चिखल धरून ठेवतं आणि अन्नद्रव्यं सगळ्या अंगाने पाण्यातून घेतं. मधल्या दांड्यावर ठरावीक अंतराने बारीक फांद्यांची वर्तुळं असतात. उथळ, स्वच्छ आणि चुनायुक्त पाण्यात ते तळभर पसरतं. वरून पाहिलं तर पाण्याखाली कुरण असल्यासारखं वाटतं.

चुनखडी अंगावर साठवणं हा त्याचा खास गुण. प्रकाशात अन्न तयार करताना ते पाण्यातला विरघळलेला कार्बन ओढून घेतं आणि चुना अंगावर बसतो. त्यामुळे कारा हाताला खरखरीत लागतं. त्याची फळंही चुन्याने मढलेली असतात आणि त्यांच्यावर पिळासारख्या रेघा असतात. झाड कुजून जातं, फळ उरतं. कोट्यवधी वर्षांनंतरही भिंगाखाली त्या रेघा मोजता येतात.

या एका फळावरून बऱ्याच गोष्टी कळतात. पाणी गोडं किंवा मचूळ होतं, उथळ होतं, तळापर्यंत ऊन पोहोचत होतं आणि पाणी फार गढूळ नव्हतं. कारण गढूळ पाण्यात कारा टिकत नाही.

नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलां हे गाव १९३० च्या दशकात अशाच थरांसाठी प्रसिद्ध झालं. तिथले वनस्पतींचे अवशेष के. पी. रोडे आणि बिरबल साहनी यांनी उजेडात आणले. त्यात पाण्यावर तरंगणारं अ‍ॅझोला मिळालं. साहनी यांनी १९४३ मध्ये रोडाइटिस या पाणनेच्याचं वर्णन केलं. तो मार्सिलियाच्या कुळातला मानला जातो. चार पाकळ्यांसारखी पानं असलेलं मार्सिलिया विदर्भातल्या भाताच्या बांध्यांत आणि तळ्याकाठी सहज दिसतं, आणि त्याच्या बुटक्या जाती आज प्लांटेड टँकमध्ये गालिचा म्हणून लावल्या जातात.

आजच्या टँकसाठी यातून काय कळतं?

टाकळीच्या तळ्यात ज्या अटींवर तळ हिरवा राहिला, त्याच अटी काचेच्या टँकमध्ये लागू पडतात. पहिली अट प्रकाशाची. गालिचाची झाडं बुटकी असतात आणि सगळ्यात खाली असतात, त्यामुळे पाणी जितकं खोल आणि गढूळ तितका त्यांच्यापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. नवख्याने उथळ टँक घ्यावा. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. जास्त वेळ ठेवला की झाडांपेक्षा शेवाळाचं फावतं.

दुसरी अट तळाच्या मातीची. हेअरग्रास, मॉन्टे कार्लो, बुटकी सॅजिटेरिया आणि मार्सिलिया ही झाडं धावत्या खोडाने पसरतात. मोठी खडी असेल तर खोड रुजत नाही. बारीक दाण्याचा, किमान दोन इंचांचा थर लागतो. झाडांचा गठ्ठा एका जागी खोचण्याऐवजी चार-पाच काड्यांचे तुकडे करून इंच-दीड इंचाच्या अंतराने लावले की मधली जागा लवकर भरते.

तिसरी अट कार्बनची. मॉन्टे कार्लो किंवा ग्लोसोस्टिग्मा दाट हवं असेल तर कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. मार्सिलिया आणि सॅजिटेरिया त्याशिवायही चालतात, फक्त संथ वाढतात. गालिचा जमला की कात्री हाताशी ठेवावी. दाट थराच्या खालच्या पानांना उजेड मिळाला नाही की ती कुजतात आणि एक दिवस अख्खा गालिचा मुळासकट सुटून वर तरंगतो. महिन्यातून एकदा तरी वरून छाटणी केली तर ही वेळ येत नाही.

नागपूरकरांसाठी चौथी अट उन्हाळ्याची. पारा ४५ अंशांवर गेला की खोलीतल्या टँकचं पाणीही ३० अंशांच्या वर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशांना धाप लागते आणि बरीच गालिचाची झाडं पिवळी पडतात. टँकचं झाकण काढून पाण्यावरून छोटा पंखा फिरवला तर बाष्पीभवनाने तापमान काही अंशांनी उतरतं. उडून गेलेलं पाणी रोज भरावं लागतं, एवढंच. ते भरताना बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर क्षार साठत जातात. असं पाणी काराला मानवतं, बाकीच्या बऱ्याच झाडांना नाही.

आणि त्या न बोलावलेल्या पाहुण्यांचं काय? गोगलगायी कुजकी पानं खातात. ऑस्ट्राकॉड बारीक शेवाळ आणि कुजका कचरा खातात. त्यांची संख्या एकदम वाढली तर त्याचा अर्थ माशांना खाणं जास्त घातलं जात आहे. ते पाणी बिघडल्याची खबर देतात. औषध ओतून त्यांना मारण्याआधी खाण्याची चिमूट कमी करून पाहावी.

हिस्लॉप यांच्या नावाचा जीव कोणता?

हिस्लॉप यांनी फक्त मेलेलं तळं पाहिलं नाही. नागपूरच्या जिवंत तलावांतूनही ते नमुने गोळा करत. मुंबईत हेन्री जॉन कार्टर नावाचे डॉक्टर होते. गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचे ते जाणकार. नागपूरच्या पाण्यातल्या एका अनोख्या जीवाचं वर्णन कार्टर यांनी १८५८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्याला हिस्लॉपिया लॅकुस्ट्रिस हे नाव दिलं.

हाही एक प्रकारचा गालिचाच. हिस्लॉपिया हा वसाहतीने राहणारा प्राणी आहे. पाणवनस्पतींची पानं, दगड आणि गोगलगायींचे शंख यांच्यावर तो चपट्या, पारदर्शक थरासारखा पसरतो. भिंगाखाली पाहिलं तर त्या थरात एकाला एक लागून लांबट गोल खोल्या दिसतात. प्रत्येक खोलीत एक जीव. तो आपले बारीक तंतू बाहेर काढतो आणि पाण्यातले कण गाळून खातो. नुसत्या डोळ्यांना तो पानावरच्या डागापेक्षा वेगळा दिसत नाही. हिस्लॉप यांच्या नावाचं एक खनिजही आहे. हिरव्या रंगाच्या एका कॅल्साइटला हिस्लॉपाइट म्हणतात.

नागपूर परिसरातले त्यांचे इतर नमुनेही दूरवर पोहोचले. कामठी आणि सिलेवाडा इथल्या वालुकाश्मातली ग्लोसोप्टेरिसची पानं चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये अभ्यासली. मांगली इथे मिळालेल्या एका पुरातन उभयचर प्राण्याच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केलं. गोंडी भाषेचे शब्द, चालीरीती आणि लिंगोचं गाणं यांचीही हिस्लॉप यांनी नोंद ठेवली होती.

शेवट कसा झाला?

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि १८६२ मध्ये रिचर्ड टेंपल तिथे मुख्य आयुक्त म्हणून आले. टेंपल यांना या भागाची माहिती हवी होती आणि ती हिस्लॉप यांच्याइतकी कुणाकडे नव्हती.

१८६३ च्या पावसाळ्यात दोघं नागपूरच्या दक्षिणेला बोरीला मुक्कामाला होते. ही आजची बुटीबोरी. जवळच्या टाकळघाटला दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत. मृतांच्या स्मरणार्थ रचलेली ही वर्तुळं उकरून पाहायला ४ सप्टेंबरला ते तिथे गेले. काम संपल्यावर टेंपल पुढे निघाले. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे थांबले आणि नंतर घोड्यावरून एकटे बोरीकडे परतले. वाटेतल्या ओढ्याला पावसाने अचानक पूर आला होता. अंधार पडत होता. मुक्कामावर घोडा एकटाच पोहोचला. शोध घेतल्यावर हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. ४६ वर्षं पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

त्यांची बरीचशी टिपणं अर्धवट होती. टेंपल यांनी आदिवासींविषयीचे कागद संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. टाकळीच्या शंखांचे अनेक मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. आजही आंतरट्रॅप थरांतल्या गोगलगायी ओळखायच्या असतील तर त्यांच्याशी ताडून पाहावं लागतं.

नागपूरकरांनी याकडे का पाहावं?

हिस्लॉप यांचे नमुने सुरक्षित आहेत, पण ज्या जागेतून ते आले ती जागा तशी नाही. टाकळीचा परिसर आता वस्तीचा आहे. बेसॉल्टच्या कपारीत दिसणारा तो हातभर जाडीचा मातकट पट्टा पायाच्या खोदकामात, भरावाखाली किंवा रस्त्याच्या काँक्रीटखाली गेला की पुन्हा दिसत नाही. शंख गोळा करून कपाटात ठेवता येतात. पण कोणता थर कशावर होता, हे कळायला जागाच लागते. हिस्लॉप यांची जी चूक पुढे दुरुस्त झाली, ती जागेवर जाऊन पुन्हा पाहता आलं म्हणूनच झाली.

जिवंत तळ्यांचंही तसंच आहे. सांडपाण्याने पाणी गढूळ झालं आणि वर जलपर्णी पसरली की तळापर्यंत ऊन जात नाही. अंबाझरीच्या जलपर्णीच्या बातम्या नागपूरकर दरवर्षी वाचतात. ऊन गेलं की आधी कारासारखी तळाची कुरणं जातात, मग त्यांच्यावर जगणारे बारीक जीव, आणि माशांची वेळ सगळ्यात शेवटी येते. त्यामुळे मेलेले मासे काठाला लागले की बातमी होते, पण तोवर तळ कधीच उजाड झालेला असतो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या टाकळीच्या तळ्याचं पाणी स्वच्छ होतं, हे आज सुईच्या डोक्याएवढ्या एका फळावरून कळतं. आजच्या तलावांच्या तळाशी जो गाळ बसतो आहे, त्यात कोणाची फळं आणि कोणाचे शंख उरतील, ते आत्ता ठरतं आहे.